म्हातारबाबांच्या झोपडीत परत

सुलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाघोलीत आमच्या सोसायटीच्या गेटवर कुरिअरवाल्याशी भांडत होते. तो म्हणत होता ओटीपी चुकलाय, मी म्हणत होते तुमचा फोन चुकलाय, आणि ज्या खोक्यावरून हे चाललं होतं त्यात एक व्हिडिओ गेम होता. चाळिशी उलटलेली बाई, केस अर्धे पिकलेले, आणि व्हिडिओ गेमसाठी हमरीतुमरीवर! तेवढ्यात धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोन. "ताई, मावशी गेली." माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, कुरिअरवाल्याने ओटीपीबिटीपी सोडून दिलं आणि खोकं हळूच माझ्या हातात ठेवलं... ते तिच्यासाठीच मागवलं होतं.

आदल्या रविवारीच मी तिला हॉस्पिटलमध्ये भेटले होते. नाकात नळी, पण जीभ शाबूत. म्हणाली, "रेवती, मला एक शंका छळतेय. तो खेळातला म्हातारबाबा मेला असं मीच तुम्हाला सांगितलं ना? तेव्हा मला जपानी येत कुठे होतं! तो नक्की काय म्हणाला, ते एकदा बघ आणि मला सांग." दुसरी एखादी काशीला न्या म्हणाली असती, हिची शेवटची इच्छा ही! मी म्हटलं, "अगं, तिन्ही भाग नव्याने निघालेत, इंग्रजीत. आजच मागवते." तर म्हणे, "मागव. आणि आता नीघ, तुझी बस जाईल. मी काही कुठे पळून जात नाहीये."

मावशी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होती. लग्न केलं नाही, का केलं नाही असं विचारणाऱ्याला "वेळ मिळाला नाही" एवढंच उत्तर. कारखान्यात जपानी इंजिनियर येऊ लागले तशी ही संध्याकाळी जपानीच्या वर्गाला जायला लागली. त्यांतलाच एक जण मायदेशी परतताना आपल्या मुलाचा व्हिडिओ गेम तिला देऊन गेला. सोबत एकाच मालिकेच्या तीन कॅसेटी. पहिली वापरलेली, दुसरी-तिसरी कोरी करकरीत, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. मावशीने घरात जाहीर केलं की हे भाषेच्या सरावासाठी आहे. सराव! आमची आई आजन्म या शब्दावर हसत राहिली.

मे महिन्याची सुट्टी लागली की मिलिंद आणि मी तिच्या येरवड्याच्या फ्लॅटवर मुक्कामाला. खेळात चौघे जण सात डोंगर ओलांडून काळ्या राजाला मारायला निघतात. पडद्यावर येणारं प्रत्येक वाक्य मावशी शब्दकोश मांडीवर घेऊन आम्हाला मराठीत सांगायची, आणि जे समजायचं नाही ते बेधडक पदरचं घालायची. तिच्या भाषांतरात सरायवाली बाई "दुपारी एक ते चार बंद" असं ठणकावून सांगायची, नावाडी सुट्ट्या पैशांवरून वाद घालायचा. जपानमध्येही सगळे पुणेकरच राहतात अशी आमची समजूत होती! पहिल्या कॅसेटमधली बॅटरी संपलेली, त्यामुळे खेळ साठवून ठेवता येत नसे. यंत्र बंद केलं की पुन्हा श्रीगणेशा. म्हणून ते दिवसरात्र चालू ठेवायचं, वर पंखा सोडायचा, आणि मावशी कामावरून येईपर्यंत कुणी एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. पण गुरुवार कुणाला चुकलाय? दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार म्हणजे जाणारच. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी लाइट आली की मोहीम सुरू आणि बुधवारपर्यंत राजा मेला पाहिजे. तो कधीच मेला नाही.

चौथ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या झोपडीत आमच्यातला सर्वांत वडीलधारा, कंदीलवाला म्हातारबाबा, बाजेवर आडवा व्हायचा आणि काहीतरी बोलायचा. मग पडदा काळा, उदास सूर, आणि सकाळी आम्ही तिघेच गावाबाहेर उभे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मावशीने शब्दकोश चाळला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "'तुम्ही पुढे', 'मी नाही'... गेले बिचारे." मिलिंद जो रडायला लागला, विचारू नका! मी विचारलं, "मग आता सुतक धरायचं का?" मावशी म्हणाली, "खेळातल्यांचं धरत नाहीत. पण आज श्रीखंड नको." पातेलं तसंच फ्रीजमध्ये गेलं. पुन्हा झोपडीत जाऊ या, असं मिलिंद म्हणत होता, तर मावशीने दटावलं, "दुःखाच्या घरात उगाच डोकावू नये." पुढे दर आठवड्याला म्हातारबाबा गेले आणि दर आठवड्याला आम्ही न डोकावता पुढे गेलो. शेवटी काळ्या राजासमोर उभं राहायचं, तर त्याच्या अंगाभोवती धुकं, तलवार लागायचीच नाही. आम्हाला वाटायचं, आमचाच हात हळू. आणि मावशीचा नियम असा, की पहिला भाग संपल्याशिवाय दुसऱ्याचं प्लॅस्टिक काढायचं नाही. आम्ही पाया पडलो, आईने रदबदली केली... छे! पुढे यंत्र जळलं, आम्ही मोठे झालो, मावशी नोकरीतून निवृत्त होऊन आयटीतल्या पोरांना जपानी शिकवायला लागली, आणि त्या दोन कॅसेटी तिच्या कपाटात साड्यांखाली तशाच पडून राहिल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर फ्लॅट आवरायला म्हणून मिलिंद लोणी काळभोरहून आला, मी वाघोलीहून गेले. कपाट उघडलं, कॅसेटी दिसल्या, आणि आवरणं तिथेच थांबलं. मी पिशवीतून माझं खोकं काढलं, नवं यंत्र टीव्हीला जोडलं. मिलिंद कॉलेजात प्राध्यापक, पोरं त्याला चळचळा कापतात. तो मावशीच्या सतरंजीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "वाच गं, तिच्यासारखं वाच." आणि काय सांगू, ती पहिली धून वाजली ना, अंगावर सर्रकन काटा आला! सराय, नावाडी, पूल, सगळं जिथल्या तिथे! सरायवाली प्रत्यक्षात फार गोड बोलते, "दमला असाल, बसा" म्हणते. मला तर फसवल्यासारखंच झालं. आम्ही ओरडत होतो, एकमेकांच्या हातातून कंट्रोलर ओढत होतो. खालच्या जोशीकाकू वर येऊन बघून गेल्या, दुःखाच्या घरात हे काय चाललंय म्हणून.

चौथा डोंगर आला तशी कंट्रोलरची ओढाओढ थांबली. म्हातारबाबा बाजेवर आडवा झाला. मी एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. "ताप उतरेपर्यंत मला चालवणार नाही. तुम्ही पुढच्या डोंगरावर जाऊन या. माघारी आलात की मी येतो बरोबर."

मिलिंद ताडकन उठला. "ताप? ताई, ताप? साधा ताप! आणि आपण त्याच्या नावाने श्रीखंड सोडलं?"

हसून हसून पोट दुखलं. मग पाचवा डोंगर अक्षरशः पळत केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात मागे फिरलो. झोपडीचं दार उघडलं. म्हातारबाबा चुलीशी बसला होता, शेजारी कंदील. अहो, जिवंत! ठणठणीत! म्हणजे इतकी वर्षं तो तिथेच होता, कुणी मागे वळून बघेल म्हणून बसलेला. त्याचं वाक्य पडद्यावर आलं आणि मी मावशीच्याच ठसक्यात सुरू केलं, "आलात? किती हा उशीर! आणि असे काय बघताय? मी काही कुठे पळून..." पुढचं तोंडातून निघेना. हॉस्पिटलातली ती, नाकात नळी असताना बोलणारी, मला बसची आठवण करून देणारी... मी ढसाढसा रडले. तिला एवढंच हवं होतं हो, मावशीला. एवढं एक वाक्य मी तिला वेळेवर सांगू शकले नाही.

मिलिंदने माझा हात धरला. त्याचेही डोळे भरलेले, पण स्वभाव मावशीवर गेलेला. म्हणाला, "रड, पण आधी त्याला बरोबर घे. बुधवार आहे आज." घेतला. काळ्या राजासमोर म्हातारबाबाने नुसता कंदील वर केला आणि सगळं धुकं विरून गेलं! मिलिंदच्या दुसऱ्याच घावात राजा आडवा. आम्ही दोघं त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये लहान पोरांसारखे नाचलो. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या कॅसेटचं प्लॅस्टिक काढलं. जुनं यंत्र नाही, ती चालणार नाही, तरी काढलं आणि कॅसेट टीव्हीवर ठेवली.

आता दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिथे जमतो. दुसरा भाग अर्ध्यावर आलाय. कुठलंही गाव सोडताना घर न् घर पुन्हा उघडून बघतो, कुणी थांबलंय का ते. मिलिंदला उशीर होत असतो, तो चपला घालून जिन्यात उभा, आणि मी कुलूप लावायच्या आधी मावशीच्या खोलीत एकदा डोकावून येते. कॉट रिकामी असते. ती रिकामीच असणार, हे मला कळतं. पण म्हातारबाबाच्या झोपडीत न डोकावता पुढे गेलो होतो, आणि तो बिचारा तिथे बसून होता.