मी का हसले

"कचऱ्यातून बनवलंय का हे?"

साहेबांनी ड्रोन दोन बोटांत उचललं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "कचऱ्यातलं कामाचं काय, ते तुमच्या लोकांना बरोबर कळतं."

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले.

सोमाटण्याजवळचं कॉलेज. साहेब तिथले विश्वस्त. 'तुमचे लोक' कोण, हे त्यांना अर्जावरून कळलं. त्यावर बुद्धविहाराचा पत्ता होता. तेवढा पुरतो.

मी आयटीआय झालेली. तळेगावच्या एका कंपनीत सर्किट बोर्ड जोडते. रविवारी कार्ल्याला आमच्या वस्तीतल्या विहारात मुलींना ड्रोन शिकवते. लोणावळ्यात पर्यटक मोडक्या छत्र्या टाकून जातात, त्यांच्या काड्यांचा सांगाडा करतो. मोटारी खेळण्यातल्या. पडलं, मोडलं तरी कुणी रडू नये इतकं स्वस्त. विहारात ओल येते, बोर्ड गंजतात, म्हणून कॉलेजची प्रयोगशाळा मागायला गेले होते. सोबत आठवीतली प्रज्ञा. ते ड्रोन मी नव्हतं बनवलं. तिनं बनवलं होतं.

"रविवारी जागा देऊ," साहेब म्हणाले. "फक्त वर्गाच्या उद्घाटनाला 'कचऱ्यातून कला' म्हणून मांडा. ड्रोनबिन म्हणू नका."

"हो सर. थँक्यू सर."

परतताना एसटीत प्रज्ञा ड्रोन मांडीवर घेऊन बसली होती. वडगाव गेलं, कामशेत गेलं. मग म्हणाली, "ताई, त्ये हसलं त्याचं काय न्हाई. तुमी कशापायी हसला?"

उत्तर मला माहीत होतं. शाळेत, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, "तुमचं काय बाबा, कोट्यातले" असं कुणी म्हटलं की मी हसायची. हसलं की पुढचं ऐकावं लागत नाही. कुणी शिकवलं नव्हतं. अंगवळणी पडलं. त्या दिवशी लाज वाटली. साहेबांची नाही, माझी.

दुसऱ्या दिवशी कंपनीतली पाळी बुडवून कॉलेजात गेले. साहेबांनी 'कचऱ्यातून कला' लिहिलेला कागद सहीसाठी पुढे सरकवला.

"यावर ड्रोन लिहा," मी म्हणाले. "आणि बनवणारीचं नाव लिहा."

"गरजवंतानं अटी घालू नयेत, बाई."

"मग जागा राहू द्या."

सही न करता उठले. फाटकाबाहेर येऊन रडले.

प्रयोगशाळा गेली ती गेलीच. सहा मुली यायच्या, आता दोघी येतात. एकीची आई तोंडावर म्हणाली, "ताठा दावून पोरींचं वाटुळं केलं तुमी." खोटं कसं म्हणू? पावसाळ्यात पुन्हा बोर्ड गंजतील. नवे कुठून आणू, ठाऊक नाही. एखाद्या रविवारी तर कुलूप उघडायलाच हात धजत नाही.

तरी उघडते. दोघी आहेत, एक उरली तरी शिकवीन. कुणीच उरलं नाही तर दारोदार फिरून पोरी गोळा करीन. पण माझ्या या पोरींच्या हातच्या कामाला कुणी कचरा म्हटलं, तर हसणाऱ्यांत मला धरू नका.