ज्योतीरामांचा सातवा दिवस

खून थोरल्या भावानेच केलेला असतो, हे मी मंगळवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं, तेही शेजारच्या ज्योतीरामांना कानातला कापूस काढायला लावून. मी त्या बसला नवीन. वाटलं, कान दुखत असेल, जरा गप्पा मारून जीव रमवावा.

"पिक्चर चांगला हाय म्हणता," एवढंच म्हणून ते चाकण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

"काय केलंत राव!" मागच्या सीटवरून त्यांच्याच शॉपमधला नदीम कुजबुजला. "भाऊंचा अख्खा आठवडा नासवला की!"

मग त्यानेच सगळं सांगितलं. ज्योतीराम मूळचे औशाकडचे, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागात, बावीस वर्षं. प्रत्येक नवा मराठी-हिंदी पिक्चर बघायचाच, असा माणूस. पण पिक्चर लागतो शुक्रवारी आणि आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. म्हणजे जगाचा बघून झाला की यांची पाळी येते, तीही पिक्चर उतरायच्या बेताला. मधले सहा दिवस काही कळू नये म्हणून हा बंदोबस्त: बसमध्ये कापूस, कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवण. शॉपच्या मोबाईल ग्रुपमधून दर शुक्रवारी सकाळी स्वतःहून बाहेर पडायचं, गुरुवारी संध्याकाळी नदीमने परत घ्यायचं. त्यांच्या बायकोने, दुर्गावहिनींनी, एकदा भाजी निवडता निवडता हिरो मरतो म्हणून सांगितलं, तर हे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

माझ्या प्रतापानंतरही ते त्या गुरुवारी चिंचवडला गेलेच. दुपारचा बाराचा खेळ, थेटरात मोजून सहा माणसं, मधल्या रांगेत पाय पसरून ज्योतीराम.

"मजा आली?" शुक्रवारी मी भीत भीत विचारलं.

"थोरला दिसला की मी त्याच्या हाताकडंच बघत होतो," ते म्हणाले. "बाकीचं बघायचं ऱ्हायलं."

माझ्या मनाला फार लागलं. भरपाई म्हणून पुढच्या शुक्रवारची पहिल्या खेळाची दोन तिकिटं काढली आणि सुपरवायझरच्या हातापाया पडून दोघांची रजा मंजूर करून घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कापूस न घालता, जगाच्या बरोबरीने पिक्चर दिसणार होता. ज्योतीराम इस्त्रीचा शर्ट घालून आले.

थेटर तुडुंब. हिरो आला तशा शिट्ट्या सुरू झाल्या, कागदाचे कपटे उडाले, पुढच्या दोन रांगा मोबाईल वर धरून उभ्याच राहिल्या. ज्योतीराम कधी डावीकडून, कधी उजवीकडून वाकून पडदा शोधत होते. "भावा, बस की खाली," त्यांनी एकाला दोनदा सांगितलं. त्याने मागे वळून "आजोबा, एन्जॉय करा!" म्हणून त्यांच्याच डोक्यावर मूठभर कपटे उधळले. शेवटचा डायलॉग तर हिरोच्या आधी सगळ्या थेटरानेच म्हटला, कारण तो जाहिरातीत येऊन गेला होता आणि ज्योतीराम जाहिराती बघत नाहीत.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि केसांतले कपटे एकेक करून काढू लागले. मी आपला उत्साहात.

"मग भाऊ, पुढच्या शुक्रवारी परत?"

"तुमी जावा, फकस्त गुरुवारपत्तूर माझ्याशी बोलू नका."