रोज्यात वाढलेलं वजन

तौफिकला आमच्या गल्लीत नावानं फार कुणी ओळखत नाही. फिल्टरवाला म्हणतात. मुकुंदवाडीच्या आमच्या भागात बोअरच्या पाण्याला क्षार भयंकर, त्यामुळं घरोघरी फिल्टर, आणि ते सगळे उघडून साफ करणारा हा एकटा. सव्वीस-सत्तावीसचा असेल. उंच आणि इतका बारीक, की अवजारांची बॅगच त्याला धरून चालली आहे असं वाटावं.

माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, त्याला बघितलं की म्हणायच्या, "काय रं, तुझी आई तुला जेवायला वाढती का नुसतं दाखवती?"

"वाढती हो आजी. जातं कुठं तेच कळत नाय."

हे हसण्यावारी चाललं होतं. दिवाळीनंतर एकदा मात्र तो फिल्टर उघडून नुसताच बसून राहिला. म्हणाला, "भाभी, वजन वाढवायचं काही माहीत आहे का? खरंखुरं काही?"

त्याच्या बहिणीची, हसीनाची, मुलगी अदीबा. तिला थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त नीट तयार होत नाही, दर काही आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. तिला घेऊन जायचं काम मामाचं. रक्तपेढीत बदल्यात कुणी रक्त मागत नाही, पण हा आपणहून द्यायला गेला तर काट्यावर त्रेचाळीस किलो. पंचेचाळीसच्या आत असलं की घेत नाहीत, देणाऱ्यालाच त्रास होतो म्हणून.

"पोरगी विचारती, मामू, तुमने भी दिया क्या? काय सांगू तिला?"

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. थायरॉइड, शुगर, छातीचा फोटो, सगळं ठीक. बांधाच सडपातळ आहे, दोन्ही वेळा पोटभर जेव, हळूहळू वाढेल, एवढंच ते म्हणाले. पण एवढ्यावर समाधान कुणाचं होतं? जिममधल्या मित्रानं पावडरचा डबा दिला, त्यानं दोन दिवस पोट बिघडलं. मावशी म्हणाली भिजवलेले खजूर. सासूबाईंनी डिंकाचे लाडू बांधून दिले. कुणी सांगितलं केळं दुधात कुस्करून खा, कुणी सांगितलं केळं आणि दूध एकत्र म्हणजे विष. मी मोबाईलवर वाचून शेंगदाणे-गूळ सुचवला. बिचाऱ्यानं सगळं केलं. काटा हलेना. एकदा तर खालीच गेला.

"दिवसभर खातोस तरी काय?" मी विचारलं.

"चालूच असतं की भाभी काही ना काही. पोट रिकामं असं कधी नसतंच."

तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. मग मलाही काही कळेना.

त्यात रमजान आला. ईदनंतर पुन्हा रक्तपेढीत जायचं त्यानं ठरवलं होतं, आणि आता महिनाभर रोजे. होतं तेही उतरणार, असं मी मनात धरून चालले. निम्मा महिना सरला असेल, तेव्हा तो फिल्टरसाठी आला.

"भाभी, काटा बिघडलाय बहुतेक. दीड किलो वाढलं."

"कुठल्या काट्यावर?"

"मेडिकलवाल्याच्या. मग दवाखान्यातल्यावर केलं. मग गुलमंडीच्या बाजारात एका दुकानदाराच्या. सगळे तेच सांगतात. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि वजन वाढतंय? उलटं कसं काय?"

सासूबाई म्हणाल्या, "देवाची करणी, दुसरं काय."

"तसं असतं तर आजी, आमचा सगळा मोहल्ला पहिलवान झाला असता."

सवयीनं मी चहा टाकायला उठले. भांडं हातात घेतलं आणि आठवलं, रोजा आहे. तशीच उभी राहिले.

"तौफिक, एरवी दिवसाकाठी चहा किती होतात रे?"

"जितकी घरं तितके." त्यानं बॅगेतून पाना काढला. "नाही म्हणता येत नाही ना. माझं नाव ऐकून एखाद्याला वाटायचं, आमच्या घरचं चालत नाही का याला. म्हणून मी विचारायच्या आधीच हौ म्हणून टाकतो."

"आणि दुपारचा डबा?"

"भूकच नसते. तसाच परत जातो. अम्मी ओरडती."

रोज्यात मात्र पहाटे सगळ्या घराबरोबर बसून खिचडी-खिमा, संध्याकाळी फळं, रात्री पुन्हा पोटभर जेवण. चहाला कुणी विचारत नव्हतं. मी काही डॉक्टर नाही, म्हणून त्याला पुन्हा विचारून यायला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, साखरेचा चहा भूक मारतो, हे मला आधी का नाही सांगितलंस? हा म्हणाला, चहा म्हणजे खाणं थोडंच आहे, म्हणून नाही सांगितलं.

कारण सापडलं, पण ईदनंतर नकार कसा द्यायचा, हा घोळ राहिलाच. त्यातून वाट सासूबाईंनी काढली.

"चहाला नको म्हणूच नको. वेळ झाली की तिथंच डबा उघड. जेवणाऱ्याला चहा कोण विचारतंय? वरून भाजी वाढतील. बाकीच्या घरी म्हण, अजून डबा खायचाय."

झालंही तसंच. कुणी दही वाढी, कुणी तेल घालून शेंगदाण्याची चटणी. मागच्या गल्लीतल्या सुलेखाताई मात्र अजून रुसून आहेत. "आमच्याकडं साधा चहा घेत नाही, आणि तुमच्याकडं जेवतो," असं मला ऐकवतात.

ऐन उन्हाळ्यात काट्यानं पंचेचाळीस ओलांडले. त्यानं रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी आला, तर मला वाटलं खुशीत असेल. हा आपला गोंधळलेला.

"भाभी, माझा रक्तगट अदीबापेक्षा वेगळा निघाला. सिस्टरला विचारलं, माझी पिशवी कुणाला? म्हणाली, ज्याचं जुळेल त्याला."

"मग अदीबाला काय सांगितलंस?"

"सांगितलं, मैंने दिया. तर म्हणती, मग माझ्यात कुठंय?" त्यानं मान खाजवली. "मी म्हटलं, ज्यानं तुला दिलं, त्याच्या घरी कुणाला तरी माझं गेलं असेल. असं असतं का हो, भाभी?"

"असू शकतं," मी म्हटलं.

"पण नसलं तर?"

मग तोच म्हणाला, "जाऊ द्या. तीन महिन्यांनी परत घेतात म्हणे," आणि स्क्रू काढायला वाकला.