ढग नसलेल्या आकाशाचा फोटो

२० एप्रिल. गच्चीवर मुगवड्या घालत होते. वरच्या खोलीतला भाडेकरू नेहमीसारखा मोबाइल घेऊन आला. बोलणं मऊ, वाक्यागणिक 'ताई'. ढगांचा अभ्यास करतो म्हणे. फोटो मात्र कायम हवाई दलाच्या तळाकडचेच. पाऊस येणार असला की तो आधी सांगायचा, माझं वाळवण वाचायचं, म्हणून मी गप्प होते. त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं.

"ढगच नाही, तर काय काढून राहिला गा?"

"मोकळं आहे हेच कळवायचं असतं, ताई. विमानं पाठवणाऱ्यांना तेच हवं असतं."

"आपल्या विमानवाल्यांजवळ सोताचं हवामान खातं आहे. तू कोणाले कळवतं?"

तो हसला. फोन खिशात टाकून म्हणाला, "वड्या छान वाळतील, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीला कुलूप लावलं आणि पोलीस ठाण्यात जाऊन त्याचं नाव दिलं.