ताणावरचं झाड

अकोल्यात मी नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. अवघड शब्द फोडून त्यातला साधा अर्थ बाहेर काढायचा, हा माझा आवडता उद्योग. कोरोनरी म्हणजे मुकुटासारख्या, हृदयाला वरून वेढून बसलेल्या रक्तवाहिन्या. स्टेनोसिस म्हणजे अरुंद होणं. एवढं मुलींना कळलं की मला दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

म्हणून अमरावतीला बाबांची अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "डावी पुढची वाहिनी फार अरुंद झालीय, आठवड्याच्या आत स्टेंट टाकून घ्या," तेव्हा बाबांना समजावण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. मोर्शीजवळ बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे. मी सांगितलं, वाहिनी म्हणजे ठिबकची नळी आणि हृदयाचा स्नायू म्हणजे झाड. नळी चोंदली की झाडाला पाणी कमी पडतं. त्याला इस्केमिया म्हणतात.

"म्हंजे झाड ताणावर हाये," बाबा म्हणाले.

"अगदी बरोबर," मी म्हटलं. हुशार मुलीला वर्गात द्यावी तशी शाबासकीही दिली. घरी विचार करून सांगतो म्हणत ते मोर्शीला गेले, मी अकोल्याला आले. फोनवर रोज एकच उत्तर, "पाहू."

पंधराव्या दिवशी मी चिडून मोर्शी गाठली. थंडीचे दिवस होते. बाबा बगीच्यात बसले होते, ठिबक बंद होतं आणि काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. बहार यावा म्हणून आमच्याकडे महिना-दीड महिना संत्र्याचं पाणी तोडतात, यालाच ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, मग पाणी सोडून ताण तोडला की फुलांनी लदबदतं.

"स्टेंटचं काय ठरलं?"

"ताण तोडाची घाई नसते करत, माय. झाड मरत नाही त्यानं. उलटा जोर धरते."

त्यांचं काही चुकलं नव्हतं, माझाच धडा त्यांनी नीट पाठ केला होता. शेजारच्या झाडाची वाळलेली काडी मी कटकन मोडली. बगीच्यात तिला सल म्हणतात.

"बाबा, पुढचा शब्द मी तुमाले सांगितलाच नाही. इन्फार्क्शन. म्हंजे हे सल. हिले कितीबी पाणी द्या, पालवी फुटते का?"

काडी हातात घेऊन त्यांनी नखानं तिची साल खरवडून पाहिली. मग म्हणाले, "उद्या जाऊ."

स्टेंट व्यवस्थित बसला. पण डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. हृदयाच्या टोकाचा थोडा स्नायू मेला होता, आणि पंधरा दिवसांपूर्वीच्या तपासणीत तो चांगला होता. मध्ये छोटा झटका येऊन गेला असणार. बाबांना विचारलं, तर एका दुपारी छातीत जळजळ झाली होती म्हणे, ताक पिऊन पडून राहिले.

मी त्यांना खरं ते सांगितलं. माझ्या अर्धवट शिकवण्यानं हे झालं, हेही सांगितलं आणि रडले.

"काहून मनाले लावून घेऊन राहिली?" ते म्हणाले. "सल नसलेलं झाड म्या त नाही पाह्यलं."

बाबा आता बरे आहेत, बगीच्यात जातात. मी मात्र इस्केमिया शिकवला की इन्फार्क्शन त्याच तासाला शिकवते. घंटा वाजली तरी मुलींना सोडत नाही.