लहान तोंडाची ढोली

आमच्या शेजारचे कुंडलिकभाऊ बोरिवलीच्या जंगलात वनमजूर होते. माणसांशी दोन वाक्यं बोलायचे, धनेश पक्ष्याबद्दल मात्र तासभर. धनेशाची चोच मोठी, पण सुतारकाम येत नाही, म्हणायचे. म्हणून त्याला जुनं, जाड झाड लागतं, फांदी मोडून आतून पोकळ झालेलं. नर एकेक ढोली दाखवतो, मादी आत डोकावते आणि नाक मुरडते. तिला ढोलीचं तोंड लहान हवं. आत बसून ती ते लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं मोठी होईस्तोवर नर त्या फटीतून वडा-उंबराची फळं भरवतो.

"म्हणजे बाईमाणसाला कोंडायचं," मी म्हणायची.

"ती स्वतःच कोंडून घेते, वहिनी. आपण नुसती हमाली करायची."

लग्नानंतर त्यांनी बायकोला, शकूला, तीन खोल्या दाखवल्या. दोन ठिकाणी तिनं भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि बाहेर आली. "तोंड मोठं आहे." शब्द नवऱ्याचाच उचललेला. तिसरी आमच्या चाळीतली. दार इतकं अरुंद की लोखंडी कपाट आत गेलंच नाही. अजून गॅलरीत उभं आहे, त्यावर मांजर झोपतं.

होळीनंतर भाऊ गेले. शकू रडली नाही. दाराला साखळी लावली, वीतभर फट ठेवली. मी तिथून ताट द्यायची, ते तसंच परत यायचं. मलाही काही वाटेनासं झालं. भाकरी थापायची, द्यायची, परत घ्यायची.

तिचा मुलगा सिद्धेश चारकोपला राहतो. तो घाबरला. "काकी, अशानं ती जाईल. मी घेऊन जातो."

घर बघायला तिच्याबरोबर मीही गेले. फ्लॅट झकास, हॉलला भिंतभर काचेचं दार. सून चेतना पाणी घेऊन उभी. शकूनं भिंतीवर टकटक केलं, सुनेसमोरून बाहेर आली.

"तोंड मोठं आहे."

चेतनाचा चेहरा पडला. "मी तर काही बोललेसुद्धा नाही, आई."

"तुझं नाही गं," मी म्हटलं, "दाराचं." आणि मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. शकू नाही हसली. चपला घालून जिन्याकडे निघाली. सिद्धेशनं अडवलं नाही.

संध्याकाळी फटीतून ताट दिलं. परत आलं तेव्हा अर्धी भाकरी गेलेली.

"आमटीत मीठ कमी आहे," आतून आवाज आला.

"उद्या बघते," मी म्हटलं.