वाघमारे बाईंचा अनंत

वाघमारे बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी कुंडीत बोट खुपसायच्या, पार दुसऱ्या पेरापर्यंत. मग बोट पदराला पुसत यजमानांकडे अशा बघायच्या, की माणसानं न केलेली चोरीही कबूल करावी. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी जास्वंद तपासून म्हणाल्या, "रोज पाणी घालता ना? घाला. दलदलीत काय काय उगवतं ते आपणही बघू." चहा त्यांनी त्यानंतर घेतला.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई शेजारच्या बंगल्यात एकट्या राहायच्या. अंगणात त्यांच्या यजमानांनी लावलेला, माणसाच्या उंचीचा अनंत होता. यजमान गेले, मुलगा आयटीत शिरला आणि गल्लीतले सगळे बंगले पाडून एकच उंच इमारत बांधायचं ठरलं. बाईंनी सही केली, पण अट घालून. अनंत मुलाच्या धायरीच्या रो-हाउसमध्ये जाईल आणि पावसाळ्याआधी हलणार नाही.

झाडांवर प्रेम बाकीच्यांचंही होतं, फोटोपुरतं. इमारत होईपर्यंत घेतलेल्या भाड्याच्या घरांच्या दारात झाडं फुललेलीच हवीत म्हणून त्यांनी भर वैशाखात, गृहप्रवेशाचा मुहूर्त साधून, कळ्यांनी लगडलेले मोगरे उपटले आणि टळटळीत उन्हात टेम्पोतून नेले. लावल्या लावल्या वर बादल्या ओतल्या, मूठमूठ खत घातलं. गुरुजींना विचारलं, उन्हाला विचारायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांच्या काटक्या झाल्या. बाई म्हणाल्या, "मुहूर्त चांगलाच होता. सगळे एकदम गेले."

त्यांची तयारी हिवाळ्यातच सुरू झाली होती. अनंताभोवती अर्धा चर खणून त्या बाजूची लांब मुळं त्यांनी तोडली, चरात पालापाचोळ्याचं खत भरलं. तिथे बारीक मुळं फुटल्यावर दुसरी बाजू घेतली. नव्या जागीही झाडाचं तोंड तिकडेच राहावं म्हणून उत्तरेच्या फांदीवर चुन्याचा ठिपका दिला.

उन्हाळ्यात बिल्डर घाई करू लागला, तसं गल्लीतलं शिष्टमंडळ बाईंकडे गेलं. एका झुडपासाठी आमचे फ्लॅट अडवता का, असं कुणीतरी विचारलं. सगळ्यांना पाणी देऊन बाई म्हणाल्या, "घर उद्या पाडा. मी अनंताशेजारी खुर्ची टाकून बसते. मशीनवाल्याला म्हणावं, सुरुवात माझ्यापासून कर."

बिल्डर थांबला. पाऊस नीट लागल्यावर, एका ढगाळ संध्याकाळी, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधून अनंत निघाला. त्याआधी बाईंनी त्याची कळी न् कळी खुडली. मला फार वाईट वाटलं, तसं मी बोललो. "फुलं बघायचीत की झाड जगवायचंय, ते एकदा ठरवा," त्या म्हणाल्या. खुडलेल्या कळ्या मात्र त्यांनी पदरात बांधून घेतल्या.

धायरीत अनंतानं सगळी पानं गाळली. मुलगा म्हणाला, मेला. बाईंनी नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग त्याला दाखवला. "घाई तुझ्या ऑफिसात कर."

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला धायरीला गेलो, तेव्हा अनंत कळ्यांनी भरला होता. एक नातेवाईक मुलाला समजावत होते, की हे झुडूप आत्ताच मागे हलव, म्हणजे दुसरी गाडी आत बसेल. माझ्या जिभेवर बाईंचंच काहीतरी आलं होतं, पण मुलगा आधी खाली वाकला. त्यानं अनंताच्या मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं, भारी पँटीला पुसलं आणि नातेवाइकांकडे नीट बघितलं.

"गाडी रस्त्यावर राहील," तो म्हणाला. "ती उन्हानं सुकत नाही."